सुपार्मीची अक्कलदाढ

जोग्याकार्ता, ३ मार्च २०११

ति. म्बाक सुपार्मीताईस,
धाकट्या बहिणीचा, एंदाहचा स. न. वि. वि.

तुझी अक्कलदाढ अजून ठणकते, असं आईने कळवलं. किती दिवस लवंग दाबून ढकलणार? कुदुसहून बसने इकडे ये. आमच्या दंतरुग्णालयात काढून देतील, पण दाढ मात्र माझी. तिच्या पोटातल्या मऊ गरात मूळपेशी असतात. जखम भरून काढायची, हाड घडवायचं, ही त्यांची कामं. निकोटिनने त्या कशा मंदावतात ते मी तपासते आहे. सिगारेट ओढणाऱ्यांच्या दाढा हव्या तेवढ्या मिळतात. न ओढणाऱ्यांच्याच कमी पडतात. तू आयुष्यात एक झुरका घेतला नाहीस. येताना आपलं गोड, चिकट जेनांग आण, आणि सगळं वाटेत संपवू नकोस.

लोभ असाच राहो,
एंदाह

कुदुस, २ एप्रिल

चि. एंदाहस अ. उ. आ.

दाढेचा खड्डा अजून भरतोच आहे. भात चावताना तुझी आठवण येते, शिव्यांसकट.

खरं सांगू? तुला पांढऱ्या डगल्यात पाहून पोटात दुखलं. तुझ्या प्राध्यापकबाई म्हणाल्या, तुमची बहीण आमचा उजवा हात आहे. मी हसले. माझा उजवा हात सोळाव्या वर्षापासून लवंगी सिगारेटी वळतो आहे म्हणून ती इथवर आली, हे ओठांवर आलं होतं. आई पदवीच्या टोपीतला तुझा फोटो आल्यागेल्याला दाखवते. माझा फोटो कारखान्याच्या ओळखपत्रावर. असो. मी नाही तर माझी दाढ तरी विद्यापीठात गेली.

माझी लेक तारी यंदा बारावी होईल. जुलैपासून माझ्या शेजारी बसून वळलेल्या सिगारेटींची टोकं कापेल. मुकादमीणबाईंनी जागा धरून ठेवली आहे. एवढी तरी माझ्याजवळ राहील.

माया असू दे,
तुझी अक्कल गमावलेली बहीण

जोग्याकार्ता, २० मे

ति. म्बाक, स. न. वि. वि.

हे पत्र दोनदा फाडलं. तुझ्या पेशी ओढणाऱ्यांच्या पेशींइतक्याच मंद वाढल्या. माझीच चूक वाटली म्हणून पुन्हा वाढवल्या. तेच. दाढ काढताना तू लघवीचा नमुना दिला होतास, त्यात निकोटिनची खूण निघाली. ओलसर तंबाखूतून ते कातडीवाटे अंगात जातं. एका दाढेवरून काही सिद्ध होत नाही, असं बाईंनी बजावलं आहे. पण तारीला त्या बाकावर बसवू नकोस. माझ्याकडे पाठव, इथे शिकू दे.

रागावू नकोस,
एंदाह

कुदुस, २८ मे

एंदाहस,

शाळा तू घेतलीस, आईचं कौतुक तू घेतलंस. आता पोरही हवी? आमच्या दालनात सगळ्यांत जलद हात माझा, असं मुकादमीणबाई म्हणतात. तेवढं एकच माझं होतं. त्यालाही तू दुखणं ठरवलंस. उत्तर धाडू नकोस.

सुपार्मी

जोग्याकार्ता, ६ जून

ति. म्बाक, स. न. वि. वि.

नको म्हणालीस तरी धाडते. मत्सर माझ्याही मनात आहे, आजचा नाही. तू कामावरून आलीस की आई तुझे हात मांडीवर घेऊन खोबरेल चोळायची. मी पुस्तकाआडून बघत बसायचे. वर्गात पहिली आले तरी तिने माझे हात कधी धरले नाहीत. अजूनही मी घरी आले की मला चांगल्या बशीत वाढते, पाहुण्यासारखं. तारी जवळ असावी असं मला वाटतं, हे कबूल. पण दाढेबद्दल लिहिलं ते मत्सरापोटी नाही. जे दिसलं तेच लिहिलं.

तुझीच,
एंदाह

कुदुस, २ जुलै

चि. एंदाहस अ. उ. आ.

मावशीकडे शिकायला जातेस का, असं तारीला विचारलं. वाटलं होतं, रडेल, आई तुझ्याजवळच राहते म्हणेल. तर म्हणाली, कपडे भरून ठेवलेत, तू कधी विचारतेस याचीच वाट बघत होते.

तिला जेवणात तिखट हवंच असतं, आणि सकाळी उठवावं लागतं. मी काम सोडलेलं नाही, सोडून करू काय? जेवायच्या आधी हात घासून धुते, एवढंच.

काल तिला बसमध्ये बसवलं. तिने मागे वळून पाहिलं नाही, पुढचा रस्ता बघत होती. बस वळेपर्यंत मला पोटच्या पोरीचा हेवा वाटला. तू गेलीस तेव्हाही याच थांब्यावर असाच वाटला होता. तेव्हा मी हात हलवला नव्हता. काल हलवला.

दोघींवर जीव आहे, हे विसरू नका.
सुपार्मी