काविळीचा दाखला

सर, आज माझ्या वर्गातल्या पोरीला यवतमाळला नर्सिंगचा प्रवेश मिळाला. सकाळपासून जीव टांगणीला लागला होता. तिचा फोन आला आणि मी स्टाफरूममधल्या खुर्चीत धपकन बसले. सुटले बाई एकदाची! तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

बारावीत तिची हजेरी भरत नव्हती. कापूस फुटला की वर्ग निम्मा रिकामा, हे तुमच्या वेळी होतं तसंच आजही आहे. पंचाहत्तर टक्के भरले नाहीत तर परीक्षेला बसता येत नाही, मग पुढचं कॉलेज कुठलं? तिनं सगळे करतात तेच केलं, डॉक्टरकडून काविळीचा खोटा दाखला आणला. तो टेबलावर ठेवताना तिचा चेहरा पाहिला आणि मला मीच दिसले. मीही तुमच्यापुढे अस्साच कागद ठेवला होता. तुम्ही ओरडला नाहीत, शांतपणे त्याची घडी घातलीत, तो परत दिलात आणि भर वर्गात म्हणालात, "कापूस वेचला हे लिहाची लाज वाटते काय तुले? बिमारी कायले लिहून राह्यली?" असा राग आला होता तुमचा! मग तुम्ही खरा अर्ज लिहून घेतला आणि माझ्यासारख्या सात जणींसाठी दर रविवारी आर्णीहून सायकलीनं येऊन बुडालेले तास भरून काढले. आम्ही परीक्षेला बसलो.

या पोरीसाठी मीही तुमच्यासारखंच केलं, खरा अर्ज लिहून घेतला आणि बुडालेले तास भरून काढले. मुख्याध्यापक म्हणाले, नसतं लफडं कायले घेता मॅडम, दाखला जोडा अन् मोकळ्या व्हा. मी ऐकलं नाही. पण कमी हजेरीच्या त्या अर्जाला बोर्डाची मान्यता येईपर्यंत घास गोड लागला नाही. माझ्या खरेपणाच्या हट्टापायी पोरीचं वर्ष गेलं असतं तर तिच्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी? तुम्हालाही अशी भीती वाटली होती का, हे विचारायचं राहूनच गेलं.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणूनच हिंमत करते. 'एकोणीस दिवस कापूस वेचायला गेले होते' असं मी त्या अर्जात लिहिलं होतं. त्यातले चार दिवस मी मावशीच्या तांड्यावर लग्नात नाचत होते. आणि तुम्ही तो अर्ज साऱ्या वर्गाला वाचून दाखवलात, खरं कसं लिहावं ते पोरींना कळावं म्हणून.