भालचंद्रच्या लिव्हरचे उपास

३० ऑगस्ट २००४, सोमवार

फॅटी लिव्हर! मला!

भालचंद्रच्या कंपनीने यंदा नवराबायको दोघांचीही तपासणी फुकट करून दिली, म्हणून नोएडातल्या त्या नव्या, सगळीकडे काचा असलेल्या इस्पितळात गेलो होतो. आज रिपोर्ट मिळाले. त्याची सोनोग्राफी स्वच्छ. रोज संध्याकाळी दोन पेग, शनिवारी हिशेबच नाही, आणि लिव्हर नॉर्मल! माझ्या कागदावर — फॅटी लिव्हर, ग्रेड टू. मी आयुष्यात थेंब घेतलेला नाही. पत्रकारांच्या पार्ट्यांत लिंबूपाण्याचा ग्लास धरून उभी राहते, त्यावरून सगळ्यांची थट्टा ऐकून घेतली आहे.

डॉक्टर तिशीतला. मान वर न करता विचारलं, "मॅडम, ड्रिंक कितना लेती हैं?"

मी तोंड उघडायच्या आत भालचंद्र हसला. खुर्चीचा हात धरून हसला. "डॉक्टरसाब, इनके हिस्से की भी मैं ही पीता हूँ!"

परत येताना गाडीत गुणगुणत होता. गाझियाबाद येईपर्यंत!

३१ ऑगस्ट, मंगळवार

इशिताला सांगितलं, माझ्या यकृतावर चरबी आहे. "यकृत म्हणजे किडनी ना, आई?" दिल्लीत वाढलेली पोरगी. लिव्हर म्हटल्यावर कळलं. "पण यार, लिव्हर तर बाबांचं डिपार्टमेंट आहे!"

बापलेक पोट धरून हसले. मी भांडी आवरली.

१ सप्टेंबर, बुधवार

त्याने स्वतःचा रिपोर्ट फ्रिजवर चुंबकाने लावला आहे. दूध काढायला गेलं की समोर — 'लिव्हर नॉर्मल'.

त्याचा इतका आनंद मला का डाचतो, ते लिहूनच टाकते. शहाण्णव साली त्याला कावीळ झाली. डोळे पिवळे, पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांनी बजावलं, दारू बंद. सहा महिने बंद होती. मग कंपनी बदलली, गाडी आली, परदेशी बाटल्या दुकानात मिळायला लागल्या, आणि साहेब पुन्हा सुरू. तेव्हापासून माझ्या हातात एकच वाक्य होतं — "लिव्हर सांभाळा." आज ग्लास भरताना तेच वाक्य त्याने मला ऐकवलं. मुद्दाम ग्लास उंच धरून. "सांभाळ हं, प्रमोदिनी!"

२ सप्टेंबर, गुरुवार

विधानसभेची तिकिटं वाटायची आहेत, त्यामुळे अर्धा महाराष्ट्र कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या सदनात उतरला आहे. जिन्यात इच्छुक, लॉबीत इच्छुक. दुपारी तिथल्या कॅन्टीनमध्ये साबुदाणा वडे, वर दही. उपास ना! बातमी वेळेत दिली. डोकं जड.

९ सप्टेंबर, गुरुवार

आज इस्पितळातल्या आहारवाल्या मुलीपुढे बसले. पंजाबी, गोड, कडक. काय काय खाता? सांगितलं. पोळी, भाजी, वरण, थोडा भात. ती खूश. मग उपासाचं विचारलं.

सोमवार आणि गुरुवार, दोन्ही एकादश्या. दोन्ही वेळचे, रात्रीही सोडत नाही. काय खाता? मी फोनवर बातमी सांगावी तशी सांगत गेले. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट, तूप. बटाट्याची भाजी. गुळातली रताळी. केळी. कधी श्रीखंड. रात्री पुन्हा खिचडीच, सकाळची उरलेली, तूप सोडून परतलेली.

तिने पेन खाली ठेवलं. "मॅडम, ये व्रत है या दावत?"

डॉक्टरला बोलावून आणलं. तो या वेळी मान वर करून बोलला. "बाकी दिन आप बिल्कुल ठीक खाती हैं. ये बंद करना पड़ेगा. अभी सिर्फ़ चर्बी है. आगे लिवर सख़्त होने लगा, तो फिर लौटता नहीं." तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

बाहेर येऊन बाकावर बसले. हे उपास मी धरले ते शहाण्णव साली. भालचंद्रच्या काविळीत. त्याचं लिव्हर नीट राहू दे, मी जन्मभर करीन — असं देवापुढे बोलून बसले होते. एकही चुकवला नाही. बजेटच्या दिवशी नाही, प्रवासात नाही. तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या तो म्हणाला होता, "तुझ्या साबुदाण्याने माझं लिव्हर सुधारणार? वा!"

त्याचं लिव्हर नॉर्मल. साबुदाणा माझ्या लिव्हरवर.

ही बातमी कुणी माझ्याकडे आणली असती, तर मी ती छापली नसती. रचलेली वाटते म्हणून.

१० सप्टेंबर, शुक्रवार

एकादशी. केळी आणि ताक. चिडचिड.

त्याला सगळं सांगितलं. आधी हसला. "म्हणजे पीत होतो मी, आणि चढली तुला!" मग मी म्हटलं, उपास सोडायला सांगितलेत. तर एकदम कामाचं बोलायला लागला. फळांवर कर. वरीचे तांदूळ कर. राजगिरा हलका असतो म्हणतात. ज्या माणसाला इतकी वर्षं घरात वरी कुठल्या डब्यात असते ते माहीत नाही, तो!

"तुमचा कुठे विश्वास आहे?" मी विचारलं.

"माझा नाही गं. तुझा आहे ना, म्हणून."

१२ सप्टेंबर, रविवार

अलकनंदाताईंचा फोन. महाराष्ट्र मंडळात आमच्या सगळ्यांच्या थोरल्या. यांनाच विचारायची बुद्धी कशी झाली मला! "उद्यापन केल्याशिवाय सोडू नकोस हो. नवऱ्याच्या जिवावरचे आहेत. उद्या त्यांना काही झालं तर?"

मला काही झालं तर, हे कुणी विचारत नाही. मी म्हटलंसुद्धा. तर म्हणाल्या, "अगं, तुला काय धाड भरली आहे!"

१३ सप्टेंबर, सोमवार

पपई. पुन्हा पपई. रात्री भूक आवरेना, शेवटी खिचडी केली. दोनदा वाढून घेतली. स्वतःचाच राग. तो टीव्हीपुढे बर्फ वाजवत बसला होता, त्याचा जास्त.

आणि खरं लिहायचं तर — भीती वाटते. मी सोडले आणि त्याचे डोळे पुन्हा पिवळे झाले, तर? शिकलेली बाई, रोज मंत्र्यांना उलटे प्रश्न विचारणारी, आणि देवाला एक वाक्य बोलून दाखवायची हिंमत नाही.

१८ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. मोदक एक. तूप नाही. याला मोदक म्हणत नाहीत.

आरती झाल्यावर मात्र बोलले. मनात, पण सरळ. माझ्याच्याने आता होत नाही. त्याचं लिव्हर त्याचं तो बघेल.

काही पडलं नाही. समईसुद्धा हलली नाही.

२० सप्टेंबर, सोमवार

कॅन्टीनमध्ये सोमवार म्हणून न विचारताच वडे आले. परत पाठवले. पोळी, दुधीची भाजी, वरण. खाताना कुणी बघतंय का, हे बघत होते! रात्री तो दौऱ्यावर. घरीही पोळीच. शांत झोप.

२३ सप्टेंबर, गुरुवार

आज त्याच्यासमोर. ताटात पोळी वाढून घेतली. तो ग्लास घेऊन टेबलाशी आला. ताटाकडे बघितलं. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

"आज गुरुवार आहे."

"माहीत आहे."

"आणि सोमवारी?"

"सोमवारीही जेवले. सगळेच सोडलेत."

मला वाटलं, आता थट्टा होणार. तयारच होते. पण त्याने ग्लास खाली ठेवला. हळूच, काच वाजू न देता. चेहरा असा उतरला, की इशिता म्हणाली, "बाबा, काय झालं?" माझ्याकडेच बघत राहिला.

"मग माझं काय?" म्हणाला.

ग्लास भरलेला होता. तसाच राहिला. बाटली कपाटात गेली.

२४ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी चहा करून आणून दिला. लग्नानंतर पहिल्यांदा. पलंगाच्या कडेवर बसला, माझ्या पायांवरची चादर नीट केली. रात्रभर झोपला नव्हता, ते दिसत होतं. माफी मागणार, असं वाटून मी कप खाली ठेवला.

म्हणाला, "सोमवारचा सोड. एकादश्याही सोड. गुरुवारचा तेवढा राहू दे गं."