कस्तुरीचा डावा डोळा

आश्विन शुद्ध ५, शके १७०७

आज हसू आवरेना! नगरकडचा एक सौदागर घोडा घेऊन आला. म्हणे पाच वर्षांचा आहे, पंतांनी नुसती मान हलवली तरी गिऱ्हाईक मिळेल. ह्यांनी घोड्याच्या तोंडात बोट फिरवलं. दात कानशीने घासलेले! म्हणाले, "हा पाच वर्षांचा? मग माझी मुंज परवाच झाली." सौदागर खाली मान घालून गेला.

मी दाराआड होते. हसता हसता डोळे भरले. पंत बोटांनी घोडा वाचतात म्हणून लोक कौतुक करतात. बोटांनीच का वाचतात ते मला आणि घोडी राखणाऱ्या आमच्या मोतद्दाराला, दत्तोबाला, एवढ्या दोघांनाच ठाऊक. दोन वर्षं झाली डोळ्यांवर पडदा येऊन. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण ते आवाजावरून. बाहेर फुटलं तर घोडा घ्यायला कोण येईल? पागा चालते ती ह्यांच्या शब्दावर.

म्हणून विक्रीच्या दिवशी उजाडताना मी तबेल्यात जाते, बघते, येऊन सांगते. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं ह्यांच्या तोंडून बाहेर पडतं. माझे वडील पुराणिक. भावाबरोबर मलाही अक्षरं शिकवली, म्हणून पागेची जन्मवही माझ्या हातची. तिच्या कोऱ्या पाठींवर हे लिहिते. कागद वाया कशाला घालवायचा!

आश्विन शुद्ध ६

उद्या कस्तुरीला गिऱ्हाईक येणार. वारज्याचा हिंदुराव म्हणून आहे, कर्नाटकच्या मोहिमेला जायचं म्हणतो.

कस्तुरी ह्याच तबेल्यात जन्मली. काळपट तांबडा कुमाईत रंग, कपाळावर चांदणी. सहा महिने आईखालून काढली नाही, चार वर्षांची होईपर्यंत पाठीवर खोगीर नाही. ह्यांचा नेमच तो. लोक हसतात — पंत घोडी पोसतात की लेक? विकतानाही नेम ठरलेला: दोष आधी, किंमत मागून.

श्रावणात चरताना तिच्या डाव्या डोळ्याला बाभळीचा काटा लागला होता. मी मध घातला. पाणी थांबलं. बरा झाला, असं मीच ह्यांना सांगितलं.

संध्याकाळी हे एकटेच तिच्याजवळ जाऊन आले. दूधभात नुसता चिवडला. "उद्या नीट बघ हं," म्हणाले. नीट! म्हणजे एरवी काय मी वाकडं बघते? रागच आला. 

आश्विन शुद्ध ७

कस्तुरी गेली.

पहाटे बघायला गेले. डाव्या बुबुळाच्या कडेला काही पांढरं दिसलं, तांदळाच्या कणीएवढं. चिपड असेल म्हटलं. पदराने टिपलं. निघालं नाही. पुरतं उजाडलं नव्हतं. आणि बाहेर माणसं येऊन बसलेली.

आत येऊन म्हटलं, "डोळे स्वच्छ."

ह्यांनी पुन्हा विचारलं, "दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं."

हिंदुरावाबरोबर त्याची आई आली होती, मुक्ताबाई. घोडीभोवती दोन फेऱ्या घातल्या तिने! "पंत, मला घोड्यातलं काय कळत न्हाई. येकुलतं येक पोर हाय. ह्याला खाली टाकनारी नसंल तर द्या."

पोरगा लाजला. "आये, घोडी घ्याया आलोय, बायको न्हाई."

"बायको घरात बसून ऱ्हाती. ही तुला घाट उतरवनार हाय!"

सगळे हसले. हे हसले नाहीत. दोष सांगितले — उजव्या पुढच्या खुराला जुनी चीर, आता भरलेली, पाण्याला बिचकते, तिसरा दोष नाही. मग बेलभंडार उचलून शपथ घेतली. शब्द एकदा चुकले. वय झालं, असं मला वाटलं.

रीतीप्रमाणे घोडी दिली, दावं आमच्याकडे ठेवलं. खुंटीवर आहे.

आश्विन शुद्ध ९

खंडेनवमी. घोड्यांना हळदकुंकू लावलं. दत्तोबा लेकीच्या गावाहून आज परतला. रिकामी जागा बघून म्हणाला, "कस्तुरी इकली? मग त्या डोळ्यातलं पांढरं फूल सांगितलं न्हवं त्येस्नी?"

माझ्या हातातली हळद सांडली.

"जायच्या आदल्या दिशी दिसलं मला," म्हणाला. "त्या अंगाचं तिला दिसत न्हाई आता. आल्यावर सांगनार व्हतो. येवढ्यात इकाल आसं कुटं वाटलं!" मग म्हणाला, "बाईसाहेब, म्या जातो वारज्याला. येका पहारात सांगून येतो."

मी काय म्हटलं? लिहायची लाज वाटते, पण लिहिते. म्हटलं, "पंतांनी बेलभंडार उचललाय. त्यांची शपथ खोटी पाडायला जाणार तू? उद्या लोक विचारतील, पंतांना दिसलं कसं नाही? मग त्यांना कोण विचारील? आणि तुला ह्या वयात कोण ठेवील?"

म्हातारा वळला. टोपलीभर लीद उचलून निघून गेला. तीस वर्षं ह्या घराशी इमान राखलेला माणूस!

आश्विन शुद्ध १०

हिंदुराव कस्तुरीवर बसून सोनं द्यायला आला. नवं पागोटं, घोडीच्या गळ्यात झेंडूची माळ. ह्यांच्या पाया पडला. हे घोडीजवळ गेले — पार वळसा घालून, उजव्या अंगाने. मान थोपटली. मी दाराआडून पाहिलं. एक पाऊल पुढे टाकलं असतं तर सांगता आलं असतं.

कार्तिक शुद्ध २

आज धीर केला. वाढताना म्हटलं, "अहो, त्या कस्तुरीचं जरा —"

"विकलेल्या घोडीचं काय बोलायचं!" पानावरून उठले. अन्न टाकून कधी उठत नाहीत. तो भात मी संध्याकाळी खाल्ला. 

कार्तिक शुद्ध ११

हिंदुराव सुखरूप परत येईपर्यंत अळणी जेवायचं ठरवलं. जोगेश्वरीला रोज अकरा प्रदक्षिणा. देवीपुढे सगळं सांगितलं, एक अक्षर लपवलं नाही. हलकं वाटलं.

घरी येताना मनात आलं — देवी काय वारज्याला निरोप घेऊन जाणार आहे? पाय तुझे आहेत, तोंड तुझं आहे. वारजं दोन कोसांवर!

कार्तिक वद्य २

फौज गेली. दिवसभर धूळ खाली बसली नाही.

मार्गशीर्ष वद्य ४

प्रदक्षिणा चालू आहेत. जेवण अळणी. हे विचारत नाहीत का म्हणून. दत्तोबा माझ्याशी कामापुरतं बोलतो. 

माघ शुद्ध ४

मुक्ताबाई आली. पांढरं कपाळ तिचं आधीपासूनचंच, पण आज ती निराळीच दिसली. ओसरीच्या पायरीवर बसली. पाणी दिलं ते हातातच धरून बसली.

घाटातली अरुंद वाट. डाव्या हाताला दरी. पुढचे घोडे वळले, कस्तुरी सरळ चालत गेली. बरोबरच्या लोकांनी सांगितलं, बुजली नाही, उधळली नाही. जमीन आहे असं समजून पाय टाकला. दोघं गेली.

हे खांबाला धरून उभे होते.

"पंत, तुमच्या शब्दाला बोल न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "गावात म्हनत्यात घोडीत खोट व्हती. म्या भांडले त्यांच्यासंगं. म्हटलं, पंतांनी बेलभंडार उचलला व्हता. खोट आसती तर पंतांनी सांगितली आसती. खोट माज्या नशिबात."

मग म्हणाली, "ते दावं तेवढं द्या. पोराचं काय बी हाती आलं न्हाई. घोडीचं तरी आसूं द्या."

ह्यांनी भिंतीवर हात फिरवत खुंटी शोधली. तिने पाहिलं. पंतांना दिसत नाही हे त्या बाईला तिथेच कळलं असेल. तरी दावं पदरात गुंडाळलं, पाया पडली आणि गेली.

आमच्या पाया पडली!

माघ शुद्ध ५

सकाळी ह्यांनी पागोटं बांधलं. दत्तोबाचा हात धरून, भर पेठेतून, सगळ्यांच्या देखत वारज्याला जायचं म्हणाले. निघण्याआधी जन्मवही मागितली. "कस्तुरीच्या नावापुढे लिही. डाव्या डोळ्यात फूल. ठाऊक असून सांगितले नाही. खाली माझं नाव."

मी रडू लागले. म्हटलं, "पाप माझं आहे. मी पाहिलं होतं. आपलं नाव कशाला?"

"लिही."

"तिथी विक्रीचीच ना? सप्तमी?"

"षष्ठी," म्हणाले. "संध्याकाळी डावीकडून गेलो. हात लागेपर्यंत तिला मी आलेला कळलोच नाही. दचकली."

हातातली लेखणी थांबली. "मग मला नीट बघ म्हणून का सांगितलंत?"

ह्यांनी पागोटं सारखं केलं. मग दाराकडे तोंड करून म्हणाले, "तू स्वच्छ म्हणावंस म्हणून."

षष्ठी लिहिली.