धूर टाळून ताटापर्यंत जाण्याचा रस्ता

तीर्थरूप ओपलताईस,

रीनोहून धाकट्या हार्लनचा नमस्कार. (वाकून करायचा होता, पण गुडघ्याने परवानगी दिली नाही, तेव्हा खुर्चीत बसून केलेला गोड मानून घे.) मी आणि मायते ठीक आहोत, कुत्रं आमच्याहून ठीक आहे. तुझी पाठ कशी आहे? पोकाटेलोला बर्फ पडला का? छपराचं काम उरकलंस, की अजून त्या शेजाऱ्याच्या शिडीची वाट बघतेयस? मायते विचारते, मेंढीच्या दुधाचं चीज पोचलं का. पोचलं असेल तर आवडलं असंच लिही. तिच्या भावाने स्वतः केलंय, आणि ही स्पेनकडची बास्क मंडळी बाकी सगळं ऐकून घेतात, चीजबद्दल खरं ऐकून घेत नाहीत.

पत्र लिहिण्यास कारण तुझं मागचं पत्र. त्यात तू लिहिलंस की यायची फार इच्छा आहे, पण रीनोला यायचं म्हणजे 'सिल्व्हर म्यूल'मध्ये जेवायचं, आणि तिथे जेवायचं म्हणजे आधी सगळ्या कॅसिनोचा धूर छातीत भरून घ्यायचा, तो आता सोसत नाही. व्हर्नदाजी गेल्यापासून दर शरद ऋतूत हे वाक्य येतं, आणि दर वेळी मी "बरं, पुढच्या वर्षी" असं उत्तर पाठवतो. घरी जेवू म्हटलं तर तू म्हणतेस की घरी तर मी पोकाटेलोतही जेवते. तेही बरोबर आहे. म्हणून यंदा ठरवलं की तुझी अडचण जर एवढीच असेल तर ती दूर करायची, म्हणजे तू येशील. मोटारीच्या दारापासून ताटापर्यंत धूर न लागणारा रस्ता शोधायचा. सगळी उमर काउंटीच्या रस्त्यांवर पट्टे मारण्यात गेली, तेव्हा हे काम माझ्याच खात्यातलं. (ज्याने म्यूलची इमारत आखली त्याला आमच्या खात्यात कुणी रंगाची बादली धरायलासुद्धा ठेवलं नसतं. सूप प्यायला निघालेल्या माणसाला रूलेटच्या टेबलाला वळसा घातल्याशिवाय सूप दिसू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत. सरळ रेष म्हणून त्या घरात नाही.)

तपासणीची पद्धत सांगतो. मी धुतलेला शर्ट घालून जायचं, जेवायचं, परत येऊन गॅरेजमध्येच शर्ट काढून मायतेच्या हातात द्यायचा आणि तिने हुंगून निकाल द्यायचा. तिचं बालपण मेंढ्यांच्या तळावर गेलंय. धुक्यात कुठली मेंढी कुणाची हे ती वासावरून सांगायची म्हणे. (हे तिच्या आईने सांगितलं होतं, लग्न जमवताना. तेव्हा या गुणाचा पुढे मला काय त्रास होईल ते लक्षात आलं नाही.)

पहिल्यांदा गेलो ते पहाटे, स्टेक आणि अंड्यांच्या न्याहारीला. हिशेब असा की ओढणारे लोक त्या वेळी झोपलेले असणार. ताई, ओढणारे लोक झोपलेले नसतात. ते रात्रभर बसलेले असतात आणि पहाटे तर हरल्याच्या जोरावर दुप्पट ओढतात. म्यूलच्या कॉफी शॉपात सिगरेटला बंदी आहे, तशी पाटीही आहे, पण कॉफी शॉपला भिंत नाही. एक पितळी दांडा आहे आणि प्लास्टिकचं एक झाड आहे, आणि धुराने या दोघांना मान द्यावा अशी अपेक्षा आहे. दांड्याच्या पलीकडे स्लॉट मशीनवर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांची सिगरेट बरोबर माझ्या अंड्यांवर.

"तुम्हाला त्रास होतोय का हो याचा?" त्यांनी फार प्रेमाने विचारलं.

"थोडासा," मी म्हटलं.

"मग मी वर सोडते," म्हणाल्या, आणि मान मागे टाकून छताकडे सोडायला लागल्या. तिथे हवा खेळवायची जाळी होती. ती जाळी वरचा धूर गोळा करून नेमका माझ्या टेबलावर उतरवते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे त्यांना मशीनवर मोठं बक्षीस लागलं. घंटा वाजायला लागल्या आणि आनंदाच्या भरात त्यांनी दांड्यावरून वाकून मला मिठी मारली. गॅरेजमध्ये मायतेने शर्ट हातात घेतला, हुंगला, आणि म्हणाली, "सिगरेट आहे, लिलीच्या फुलांचं अत्तरही आहे. न्याहारीला गेला होतात म्हणे?" ते प्रकरण मिटवण्यात तो दिवस गेला.

दुसऱ्यांदा वरच्या मजल्यावरचं स्टेक हाउस. त्याला भिंती आहेत, दार आहे, पांढरे टेबलक्लॉथ आहेत. गाडी ठेवायच्या इमारतीतून लिफ्ट घ्यायची आणि थेट वर जायचं, असं मनाशी धरून गेलो. पण ती लिफ्ट फक्त खालच्या मजल्यापर्यंत. वर जाणारी लिफ्ट वेगळी, आणि ती कॅसिनोच्या दुसऱ्या टोकाला. (सांगितलं ना, आखणाऱ्याला बादली धरायला ठेवलं नसतं.) मग मी दम भरून घेतला, तोंड मिटलं आणि निघालो. पोहताना जमायचं लहानपणी, तुला आठवत असेल. अर्ध्यावर, ब्लॅकजॅकच्या टेबलांपाशी, एक माणूस उठून आडवा आला. आमच्या खात्यातला ड्वेन. माझ्यानंतर निवृत्त झाला.

"हार्लन! अरे लेका, जिवंत आहेस तू? मला तर कुणी वेगळंच सांगितलं होतं!"

आता बोललो तर दम सुटणार. मी नुसते हातवारे केले. चेहरा लाल झाला असणार, कारण ड्वेन ओरडला, "अरे, ह्याला झटका आलाय!" त्याने मला खुर्चीत दाबून बसवलं. टेबलावरचे आणखी दोघे धावले, आणि तिघेही हातातली सिगरेट हातात ठेवून माझ्या तोंडावर वाकले. "बाजूला व्हा, त्याला हवा येऊ द्या," असं तिघेही एकमेकांना सांगत होते. शेवटी मी श्वास घेतला. तसा श्वास मी आजवर कधी घेतला नव्हता. सगळा खुलासा ऐकल्यावर ड्वेन म्हणाला, "वेडाच आहेस. मला विचारायचंस ना! गाडी मागच्या बाजूला लाव, बोलिंग खेळतात तिकडच्या दाराने आत ये, तिथे खेळायचे बूट भाड्याने देतात त्या काउंटरमागून बोळ आहे, तो थेट जेवणापाशी निघतो. मी रोज तसाच येतो. दुसऱ्याच्या सिगरेटचा धूर मला अजिबात चालत नाही." हे तो नवी पेटवता पेटवता बोलला.

तिसऱ्या खेपेला ड्वेन स्वतः वाट दाखवायला आला. बोलिंगच्या दाराने शिरलो. धूर नाही. बोळात शिरलो. धूर नाही, फक्त बुटांचा वास. बोळाच्या शेवटी दोन दारं होती. ड्वेन म्हणाला डावीकडचं, मग म्हणाला थांब, त्यांनी मध्यंतरी रंग बदललाय, आणि उजवीकडचं उघडलं. ताई, काय सांगू! लांबरुंद खोली, स्वच्छ हवा, सगळीकडे जेवणारी माणसं, आणि टोकाला पांढरी टोपी घातलेला एक जण प्राइम रिबचे, भाजलेल्या मांसाचे, जाड काप कापून देतोय. मी त्याला म्हटलं, कडेचा खरपूस तुकडा मिळेल का? त्याने निमूट दिला. (तू म्यूलमध्ये किती वर्षं मागत होतीस तो तुकडा, आणि दर वेळी संपलेला असायचा.) मी एका मोठ्या गोल टेबलावर बसलो, दोन घास खाल्ले, आणि पोकाटेलोला काय लिहायचं ते मनात जुळवायला लागलो. शेजारी काळ्या पोशाखातल्या, नीटनेटक्या केसांच्या एक बाई होत्या.

त्यांनी विचारलं, "बर्टची आणि तुमची ओळख कुठली?"

मला वाटलं, बर्ट म्हणजे तो मांस कापणारा. म्हटलं, "खास अशी नाही हो. पण कडेचा तुकडा मागितला, तर एका शब्दाने नाही म्हणाला नाही."

बाईंचे डोळे भरले. "तसाच होता तो. कुणाला नाही म्हणायचाच नाही. म्हणून तर माझ्या नशिबी इतकं ओढाताणीचं आलं."

'होता' म्हटल्यावर मी मान वर केली. समोर लाकडी स्टँडवर एका जाड्या हसऱ्या माणसाचा फोटो होता, हातात मोठा मासा, आणि चौकटीला काळी फीत. ड्वेन तोपर्यंत शांतपणे दुसरं ताट वाढून घेत होता. पळून जायला मन होत नव्हतं (तुकडा अर्धा राहिला होता), आणि खरं सांगायला तोंड होत नव्हतं. तेवढ्यात आठवणी सांगायची वेळ झाली. आपल्याकडे होतं तसंच, माइक हातोहात फिरतो आणि जो तो दोन शब्द बोलतो. बाईंनी, त्यांचं नाव थेल्मा, तो सरळ माझ्याच हातात दिला. "तुम्ही बोला. बाकीचे सगळे माशांबद्दलच बोलतायत."

मला बर्टबद्दल काडीचं ठाऊक नव्हतं. म्हणून मी दाजींबद्दल बोललो. नाव घेतलं नाही, 'हा माणूस' एवढंच म्हणत राहिलो. म्हटलं, हा माणूस बायकोला घेऊन जेवायला यायचा. ती नेहमी लहान काप मागवायची, कारण मोठ्याची किंमत तिच्या जिवावर यायची. हा नेहमी मोठा मागवायचा, दोन घास खाऊन कपाळाला हात लावायचा, म्हणायचा, यांनी तर अख्खी गायच वाढली, आणि अर्धा काप तिच्या ताटात सरकवायचा. आणि ती दर वेळी त्याला रागवायची, की झेपत नाही तर मागवतोस कशाला. एवढंच बोलून खाली बसलो. थेल्माबाई माझा हात धरून म्हणाल्या, "हे तुम्हाला कुणी सांगितलं? हे तर आमच्या दोघांतलं होतं." मी राहिलेला अर्धा तुकडा संपवला. शर्टाचा निकाल: निर्मळ. मायते म्हणाली, मांस आणि कॉफी, बाकी काही नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "डोळ्यांना काय झालंय तुमच्या? धूर नव्हता ना?"

तर रस्ता सापडला. त्या खोलीत सिगरेट नाही, कॅसिनोकडे उघडणारं दार नाही, आणि गाडी थेट बाहेर लागते. तू नि:शंक मनाने निघ. मायतेचा नमस्कार. छपराचं बघ.

तुझा धाकटा भाऊ,
हार्लन

ता. क. एक अडचण लिहायची राहिली. ती खोली अशीच कुणाला जेवायला मिळत नाही, काहीतरी निमित्त लागतं. व्यवस्था बघणारी रोझॅना म्हणून एक मुलगी आहे, तिने विचारलं, लग्न, निवृत्ती की स्मरणभोजन? लग्नाला मायते तयार नाही, निवृत्त मी होऊन चुकलोय. तेव्हा थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी दुपारी, व्हर्नदाजींचं स्मरणभोजन, असं ठरवून आलो. ते गेले तेव्हा तू काहीच केलं नव्हतंस. थडग्यापाशी तू, मी आणि तो फावडंवाला. रागावू नकोस. ड्वेन येतोय, मायतेची माणसं येतायत, आणि थेल्माबाईंना सगळं खरं सांगून टाकलं, तर त्या म्हणाल्या मीही येते.

ता. क. दुसरा. हे लिहू की नको असं दोनदा झालं, पण लिहितोच. दाजी तुझ्या स्वयंपाकघरात, तुझ्या गाडीत, तुझ्या उशाशी उभी हयात सिगरेट ओढत होते आणि तू कधी खिडकीसुद्धा उघडली नाहीस. खोकताना तुला मी पाहिलेलं नाही. तुला म्यूलमधला धूर सोसत नाही हे मला मान्य आहे. तो का सोसत नाही तेही मला कळतं. मला त्यांची आठवण येते, आणि तुझी त्याहून जास्त येते.

ता. क. तिसरा, पाकीट बंद केल्यावर फोडून. आत्ता रोझॅनाचा फोन आला होता. मी खोली तुझ्या नावाने घेतली होती (मान तुझा म्हणून), तर तिने दाराबाहेरची पाटी 'ओपल हिच्या प्रेमळ स्मरणार्थ' अशी करून ठेवली, केकवरही तेच. बिचारी फार ओशाळली, लगेच बदलून देते म्हणाली. मी तिला म्हटलं, जरा थांब. दाजी गेल्यापासून इकडे तुझं तोंड कुणी बघितलेलं नाही, तेव्हा तू येणार नसशील तर पाटीत बदलण्यासारखं मला काही दिसत नाही. तिला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. पाटीवर कुणाचं नाव ठेवू, ते कळव.