टीव्हीतली बाई आणि माझी नोकरी

अण्णा,

काल टीव्हीवर तसलीच एक बाई पुन्हा दिसली. काळा कोट, उंच टाचा, दोन्ही हातांत फोन. मंत्र्याचा घोटाळा बाहेर येतो, ही पत्रकारांसमोर एक वाक्य फेकते आणि जाहिराती लागायच्या आत सगळं मिटतं. मला अजून आठवतं, लातूरच्या आपल्या स्वयंपाकघरात आई भाकऱ्या थापतेय, तुम्ही पाटावर जेवायला बसलाय, दारातून बाहेरच्या खोलीतला टीव्ही दिसतोय, आणि अशाच एका बाईकडं बघून तुम्ही म्हणताय, "किती थापा मारायली ही!" मला नांदेडच्या शिक्षणसंस्थेत जनसंपर्क अधिकाऱ्याची नोकरी लागली, तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर तीच बाई आली असणार. "पगार घेऊन खोटं बोलायचं काम हाय हे," म्हणालात. मी परोपरीनं सांगितलं, की मी प्रवेशाच्या जाहिराती लिहिते, स्नेहसंमेलनाच्या बातम्या पाठवते. तुम्हाला काही पटलं नाही. पुढच्याच वर्षी तुम्ही गेलात आणि तो वाद तसाच राहिला.

खरं तर वेळ आली तर मी खोटं बोलणार नाही, याची माझीही खात्री नव्हती. तशी वेळच कधी आली नव्हती. ती या पावसाळ्यात आली. आमच्या वसतिगृहातल्या पोरी एका सकाळी उलट्यांनी बेजार झाल्या. दुपारपर्यंत दवाखान्यातला एक वॉर्ड आमच्याच पोरींनी भरला. अध्यक्षांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पाण्याच्या टाकीचं झाकण फुटलेलं होतं, आत मेलेलं कबूतर सापडलं होतं, हे तोवर आम्हा दोघांनाही कळलेलं. तरी ते म्हणाले, "मॅडम, गेटवरच्या पाणीपुरीवाल्याचं नाव घ्या. लोकांना लगेच पटतं. पिक्चरमध्ये बघत न्हाई का, कसं फिरवतात?"

तो माणूस बायको-पोरांना घेऊन मागच्याच गल्लीत भाड्यानं राहतो. त्याचं नाव घेतलं असतं, तर संध्याकाळपर्यंत लोकांनी त्याचा गाडा फोडला असता, आणि त्यालाही सोडलं नसतं. मी म्हणाले, "सर, हे मला जमणार नाही. टाकीचं सांगू द्या, नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवा." त्यांनी समोरची फाईल मिटली. मग म्हणाले, "जा. पण संस्था बुडाली तर तुमच्यामुळं."

दवाखान्याच्या आवारात उमरी, देगलूरकडून आलेले आईबाप उभे होते. ना माईक, ना कॅमेरा. "पाणी आमच्याच टाकीतलं होतं," मी म्हणाले. "चूक आमची आहे. पोरी कधी बऱ्या होतील ते मला ठाऊक नाही. डॉक्टर जे सांगतील ते येऊन सांगत राहीन." एका आईनं माझा दंड धरून गदागदा हलवलं. "तुझी पोरगी असती म्हंजे?" उमरीचे एक आजोबा पुढं झाले. "सोड गं तिला. खरं तरी बोलली ना."

त्यानंतर मी काय केलं, तर वॉर्डात जायचं, डॉक्टरांना गाठायचं, बाहेर येऊन सांगायचं. आयांना गावाकडं बोलायला माझा फोन द्यायचा. हे पिक्चरमध्ये दाखवलं तर लोक अर्ध्यातून उठून जातील. पण अण्णा, पोरी एकेक करून बऱ्या झाल्या. शेवटची उठली आणि आईला म्हणाली, "लई भूक लागली," तेव्हा मी जिन्यात बसून पोटभर रडले. नोकरीही राहिली. अध्यक्ष स्वतः पालकांना भेटून आले. गेटवर आता पुन्हा पोरींची झुंबड असते आणि गाडेवाल्याला यातलं काही ठाऊकसुद्धा नाही.

घरी आल्यावर मला लातूरचं बसस्टँड आठवलं, तुम्ही तिथं गाड्यांच्या वेळा बघणारे कंट्रोलर होतात ते. गाडी रद्द झाली की इतर कंट्रोलर खिडकी लावून घ्यायचे. तुम्ही बाहेर येऊन लोकांच्या शिव्या खात उभे राहायचात.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगून टाकते. त्या आवारात बोलायला तोंड उघडलं, तेव्हा मला तुमची आठवण झालीच नव्हती. मी एकटीच होते, आणि जमलं.