दोन इंच वर

३ नोव्हेंबर २०२५, सकाळ

आजपासून रोजनिशी. डॉक्टर म्हणाले, मनातलं लिहून काढा, बीपी उतरेल. वही दुकानात गल्ल्याखाली ठेवणार. शबीनाला सापडणार नाही.

पहिला संकल्प: लियाकतची जिरवणे.

मी सूड घेणारा माणूस नाही. बावड्यात कुणालाही विचारा, लियाकत सोडून.

लियाकत माझा सख्खा मामेभाऊ. रस्त्याच्या पलीकडे, बरोबर आमच्या गेटसमोर राहतो. गेल्या महिन्यात त्याने घरावर स्लॅब टाकला. काँक्रीट उरलं, ते त्याने आमच्या दोघांच्या घरांमधल्या रस्त्यावर आडवं ओतलं. म्हणे स्पीडब्रेकर. कुणाला विचारलं नाही. मला तर नाहीच नाही. स्पीडब्रेकर कसला, शेताचा बांध आहे.

काल मी नवी गाडी घेऊन इंदापूरहून आलो. पांढरी एसयूव्ही, सात सीटर, आत शबीनाच्या माहेरची सहा माणसं. गाडी त्या बांधावर चढली आणि पोटावर बसली. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे. सासूबाईंसकट सगळ्यांना उतरावं लागलं. लियाकत ओट्यावर चहा पीत होता. बशीसुद्धा खाली ठेवली नाही.

"फिरोज, गाडी मोठी हाय रं, पण पोट टेकतंय. जरा उपाशी ठेव तिला."

सासरची माणसं हसली. मेहुणा सगळ्यात जास्त. त्याच्याकडे नंतर बघू.

३ नोव्हेंबर, दुपार

आत्ता आठवलं. सिमेंट आमच्याच दुकानातून गेलं होतं. मीच आतल्या थप्पीतलं ताजं काढून दिलं होतं.

५ नोव्हेंबर

प्लॅन तयार. गाडी लिफ्ट करायची. स्प्रिंगवर स्पेसर नावाची जाड चकती बसवतात, गाडी वर उचलली जाते. टायरही मोठे घालायचे. मग त्याच बांधावरून साठच्या स्पीडने, ब्रेकला पाय न लावता, उडत जायचं. वेळ दुपारी चार, कारण लियाकतचा चहा चारचा. तो त्याच्या पांढऱ्या लेंग्यावर सांडला पाहिजे.

अम्मी पण रोज चारला त्याच ओट्यावर असते, मामीपाशी. पूर्वी गुडघ्याचं कारण सांगून दोन-दोन दिवस जायची नाही. गेटपाशी उभी राहून उसाचे ट्रॅक्टर मोजायची. हल्ली काठी टेकत सरळ निघते, थांबतसुद्धा नाही. शत्रूच्या घरी जायचा उत्साह बघा.

७ नोव्हेंबर

दुसरी आघाडी उघडली. बांधकाम खात्याला अर्ज: 'अनधिकृत गतिरोधक तात्काळ काढून टाकणेबाबत.' निनावी अर्ज घेत नाहीत म्हणाले, म्हणून नाव घातलं. सरकारी काम आहे, वर्षभर काही हलणार नाही. लियाकतला नुसती धास्ती बसावी एवढाच हेतू.

अक्षर फार सुंदर आलं. गेल्या वर्षी अम्मीसुद्धा रस्त्याबद्दल कसलातरी अर्ज लिहून दे म्हणत मागे लागली होती. दुकानाच्या गडबडीत राहिलं. आता हात बसला आहे, कधीतरी तोही लिहून टाकू.

१० नोव्हेंबर, इंदापूर

सावळाराम टायरवाल्याकडे गेलो. चाळीस वर्षं याच धंद्यात आहे, पण गिऱ्हाइकाला खूश ठेवणं अजून शिकला नाही. मी म्हटलं, चार इंच लिफ्ट. तो म्हणाला, तुमचं दुकान सिमेंटचं, चार इंच कशाला? मी म्हटलं, शेतात जायला. त्याने विचारलं, शेत किती. मी विषय बदलला.

मग त्याने गाडीखाली झोपून, बॅटरी मारून लेक्चर दिलं. चार इंच उचलली तर गाडी वळणावर झुलणार, पुढचे एक्सल वाकड्या कोनात फिरून लवकर जाणार. दोन इंच पुष्कळ, त्यातही दीड बरं. पुढे स्पेसर, मागे स्पेसर, नंतर अलाइनमेंट. मी दोनवर ठाम राहिलो. चारवरून दोनवर आलो याला माघार म्हणत नाहीत, याला तडजोड म्हणतात.

जाताना त्याने विचारलं, घरात म्हातारं माणूस हाय का. मी म्हटलं, आहे, पण काटक आहे.

१३ नोव्हेंबर

आज गुरुवार. दर पंधरा दिवसांनी अम्मीला गुडघ्यासाठी बारामतीला न्यायचं असतं. गाडी घेतली ती खरं तर तिच्यासाठीच, हे मी सगळ्यांना सांगतो. हँडल धरून चढली, एकदाच "या अल्ला" म्हणाली. काटक आहे.

डॉक्टरकडे नंबर लागेपर्यंत मोबाईलवर टायर बघितले. तीन प्रकार असतात. रस्त्याचे, चिखलाचे आणि दोन्हीकडे चालणारे. चिखलाच्या टायरच्या खाचा बघून मन भरून आलं. सावळारामला फोन केला. तो म्हणाला, डांबरी रस्त्यावर चक्कीसारखे घुमतील, शेजारचं माणूस काय बोलतंय तेही ऐकू येणार नाही. हा तोटा आहे असं मला वाटलं नाही. शबीनाला मात्र वाटला. म्हणून दोन्हीकडे चालणारे घ्यायचं ठरलं, मूळ मापापेक्षा एक नंबर मोठे.

१७ नोव्हेंबर

टायर आणि स्पेसर बुक केले, गाडी सावळारामकडेच सोडली. शबीना म्हणाली, अम्मीला चढायला बाजूची पायरी पण सांगा. सांगितली. पांढरी पायरी शिल्लक नाही, महिना लागेल. काळी आहे, पण काळी शोभत नाही. थांबू.

लियाकतने संध्याकाळी विचारलं, गाडी कुठंय. मी नुसता हसलो. हे हसू मी आरशासमोर बसवलं होतं. तो म्हणाला, दात दुखतोय का.

२२ नोव्हेंबर

लिफ्ट झाली. सावळारामच्या दारात गाडी उभी होती, मी लांबून बघितली आणि डोळ्यांत पाणी आलं. आता खालून मांजर ताठ मानेने जाईल. सावळाराम म्हणाला, साठनं कुठल्या आडव्या बांधावर घालू नका, दोन इंचानं गाडी रणगाडा होत न्हाय. याला कुणी सांगितलं? बावड्यात फितुरी आहे.

२४ नोव्हेंबर, बारामती

एमआयडीसीजवळ अलाइनमेंट करून घेतली. हेडलाइटही खाली झुकवून घेतले, नाहीतर समोरच्याच्या डोळ्यांत जातात. परतताना कंपन्यांची पाळी सुटली होती. शेकडो मोटरसायकली, आणि सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते. उंचीचा परिणाम माणसावर लगेच होतो. एकाने हात केला. मीही राजासारखा केला. दुसऱ्याने केला. भिगवण रोडला कळलं, मागचं दार उघडं आहे.

त्या दोघांचे चेहरे लक्षात ठेवले आहेत.

२५ नोव्हेंबर, सायंकाळी ५

पहिला प्रयत्न. बरोबर चारला एसटी स्टँडकडून निघालो. लियाकत ओट्यावर, कप हातात, सगळं जुळून आलेलं. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर फुल आवाजात गाणी. बांधापाशी तो मुंगीच्या चालीने उतरला, त्याच्यामागे मी. लियाकतने मला कप उंचावून दाखवला.

२६ नोव्हेंबर

दुसरा प्रयत्न. रस्ता मोकळा. काटा पन्नासवर. (टायर मोठे असल्यामुळे काटा कमी दाखवतो, म्हणजे खरे बावन्न धरावेत.) आणि अम्मी काठी टेकत रस्त्यात मधोमध. ब्रेक दाबावा लागला. तिने वळूनसुद्धा बघितलं नाही, इतका तिला त्या बांधावर भरवसा. गाडी बांधावरून हळूच, पाळण्यासारखी गेली. पोट टेकलं नाही एवढं खरं, पण ते बघायला लियाकत नेमका आत गेला होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

अम्मीला गाडीत चढता येईना. प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, ते घसरलं. शबीनाने खालून आधार दिला, मी वरून हात ओढला. अम्मी खाली उतरली, पदर नीट केला आणि म्हणाली,

"मी काय उंटावर बसाय निघालीय व्हय? मी न्हाय येत."

दहा मिनिटांनी लियाकत आपली जुनी मारुती व्हॅन घेऊन आला. जमिनीला लागलेली, दार सरकवायचं की आत. अम्मी बसली आणि गेली. येताना मामीसाठी डाळिंबं घेऊन आली.

माझ्या आईला माझ्याविरुद्ध फोडलं. हे आता दोन इंचांवर भागणारं प्रकरण राहिलं नाही. उद्या साठ. अल्लाची मर्जी असेल तर पासष्ट.

२८ नोव्हेंबर, दुपारी ४.२०

स्टँडवरून निघालो. गिअर तिसरा. लियाकत ओट्यावर नाही, रस्त्यात उभा होता. त्याच्यासमोर जेसीबी.

बांध नव्हता. खरडून, गोळा करून ट्रॉलीत भरला होता. रस्ता तळहातासारखा सपाट.

सोबतच्या साहेबांनी विचारलं, फिरोज तुम्हीच ना, तुमच्याच अर्जावरून आलोय, सही करा. लियाकतच्या समोर. मी सही केली. लियाकत काहीच बोलला नाही. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो काही बोलला नाही, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

एकवीस दिवसांत सरकारी काम झालं! याची तक्रार कुठे करायची?

२९ नोव्हेंबर

विजय माझा आहे. बांध गेला. शत्रू गप्प. हे लिहून ठेवतो, कारण तसं वाटत नाहीये.

आता उडी कशावरून मारायची, हा तांत्रिक प्रश्न उरतो.

१ डिसेंबर

सपाट रस्त्यावर ट्रॅक्टर सुसाट सुटलेत. दुपारी चारला अम्मी निघाली. ट्रॉली इतकी जवळून गेली की ती मागे सरली आणि काठी हातातून सुटली. काठीवरून मागचं चाक गेलं. दोन तुकडे.

अम्मीला काही लागलं नाही. मी दुकानातून पळत गेलो तेव्हा ती गेटच्या कट्ट्यावर बसली होती, काठीचे दोन्ही तुकडे मांडीवर घेऊन. मी ट्रॅक्टरचा नंबर लिहून घेतला आहे. त्या ड्रायव्हरला सोडणार नाही.

३ डिसेंबर

अम्मी दोन दिवस पलीकडे गेली नाही. चारला गेटमध्ये खुर्ची टाकून बसते. पलीकडे ओट्यावर मामी बसते. दोघी एकमेकींकडे बघतात. मध्ये ऊस जातो.

मी तिला म्हटलं, त्या ड्रायव्हरला बघतोच. ती म्हणाली, त्याला काय बघतो. मग म्हणाली,

"लियाकतनं माझ्यापायी घातला हुता त्यो बांध. तुला तीनदा सांगितलं, अर्ज लिवून दे. त्याला एकदाच सांगितलं."

मी दुकानात आलो. वही उघडून ७ नोव्हेंबरचं पान वाचलं. बीपी उतरलं नाही.

४ डिसेंबर

इंदापूरला बांधकाम खात्यात अर्ज: 'गतिरोधक बसवून मिळणेबाबत.' अक्षर नेहमीइतकं चांगलं आलं नाही. कारकुनाने फाईलमधून माझाच जुना अर्ज काढून शेजारी ठेवला. दोन्ही आलटून पालटून वाचले. म्हणाला, आधी पाहणी होईल, मग अहवाल, मग मंजुरी. किती दिवस, विचारलं. काढायला सोपं असतं, म्हणाला.

सावळारामकडे गेलो. लिफ्ट काढायला किती वेळ? तो म्हणाला, ऊस संपेपर्यंत सवड न्हाय, ट्रॉल्यांच्या टायरची रांग लागलीय. काळी पायरी शिल्लक आहे का विचारलं. ती पण गेली.

९ डिसेंबर

आजची नोंद थोडक्यात.

पावणेचारला दुकान बंद केलं. गाडी काढली, दोन्ही घरांच्या मध्ये नेली आणि रस्त्यावर आडवी लावली. दोन्ही इंडिकेटर चालू केले. दोन्ही बाजूंना उसाचे ट्रॅक्टर थांबले. एकजण शिव्या देत होता, मी काच वर केली. अम्मी नवीन काठी टेकत निघाली. बोनेटपाशी थांबली. मला वाटलं काही बोलेल. तिने गाडीला हात टेकवला, दम खाल्ला आणि पलीकडे गेली. साडेपाचला तिला परत आणायचं, तेव्हा गाडी पुन्हा आडवी.

लियाकत चहा घेऊन आला. कप माझ्या खिडकीपर्यंत पोहोचेना, टाचा उंचावून दिला. थोडा चहा सांडला, त्याच्या लेंग्यावर.

"उंच केली ते बेस झालं," तो म्हणाला. "लांबनं दिसती. ट्रॅक्टरवाला आपला आपण थांबतो."

मी माफी मागणार होतो. मागच्या ट्रॅक्टरने हॉर्न दिला, राहून गेलं.

उद्या पावणेचार.