अकरा विरुद्ध दहा मतांनी मी मान हलवलीच नाही

वॉशिंग्टन, गुरुवार सकाळ

आदरणीय सिस्टर अँसेल्मा, म्हणजे आमच्या टिलीताईस,

धाकट्या ट्रुडीचा प्रेमाचा नमस्कार. आई रुबार्बच्या आंबट देठांची गोड पाय भाजायची, त्या दुपारी तुला आठवतात का गं? एरी गावातल्या आपल्या घराचं स्वयंपाकघर, खिडकीत आईची जिरेनियमची कुंडी, आणि हनुवटीला गुलाबी रस लागलेला आपला गस छाती काढून सांगतोय की पायला मी हातसुद्धा लावला नाही. आई त्याच्याकडे बघायचीच नाही. ती त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघायची. तिथे आपण दोघी उभ्या असायचो आणि सावकाश वर-खाली माना हलवायचो, यानेच खाल्ली म्हणून. एवढ्यावर निकाल लागायचा. (आईला हे देवदूत येऊन सांगतात, असं गसला बरीच वर्षं वाटत होतं.) आणि मग संध्याकाळी, कान उपटून झाल्यावर, उरलेल्या पायचा सगळ्यात मोठा तुकडा आई त्यालाच द्यायची, कारण रडलेला तो एकटाच असायचा. हे आज का आठवलं, ते विचारू नकोस.

तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस. सिस्टर वाल्बुर्गांना माझा आदरपूर्वक नमस्कार सांग, अर्थात त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. मागच्या वेळी मी 'सुप्रभात सिस्टर' म्हटलं तर त्यांनी मला 'पावणेचार' असं उत्तर दिलं होतं. शहाण्णवाव्या वर्षी एवढं चालायचंच. पण मला आठवतात त्या बाकावर छडी आपटत 'पाठ ताठ, हात मांडीवर, खरं तेच बोला' म्हणणाऱ्या. या तीनपैकी दोन गोष्टी मी सोमवारी अगदी चोख केल्या. तिसरीबद्दल पुढे लिहिते.

तुमच्या मठात टीव्ही नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते. राष्ट्राध्यक्षांनी गसला राजदूत नेमायचं ठरवलं, हे तुला ठाऊक आहेच. चाळीस वर्षं गाद्या विकलेल्या माणसाला परदेशात कशाला पाठवतात, असं मला वाटलं होतं, पण निवडणुकीत त्याने त्यांच्यासाठी खूप केलं, आणि या गावात केलेलं कोणी विसरत नाही. ज्या देशात त्याला जायचंय त्याचं नाव मी लिहीत नाही, तिथले लोक आधीच पुष्कळ दुखावलेत. तर असल्या नेमणुकीला सिनेटची मंजुरी लागते, आणि त्याआधी एका समितीपुढे बसून उत्तरं द्यावी लागतात. समितीत राष्ट्राध्यक्षांच्या बाजूचे अकरा, विरुद्ध बाजूचे दहा. घरच्या माणसांनी उमेदवाराच्या मागच्या खुर्च्यांवर बसायचं असतं, म्हणजे टीव्हीवर माणूस घरंदाज दिसतो. हे बसणं शिकवायला गसच्या लोकांनी डेक्स्टर नावाचा एक गृहस्थ नेमला होता. त्याने मला नि वहिनीला, म्हणजे मार्लिनला, हॉटेलात तीन दिवस नुसतं बसवून ठेवलं. चेहरा म्हणजे भिंत समजा, म्हणायचा. मला त्याने गसच्या बरोब्बर उजव्या खांद्यामागे बसवलं, कारण मी (त्याचे शब्द) चर्चमध्ये फुलं लावणाऱ्या आत्याबाईंसारखी दिसते. फुलं मी खरंच लावते, म्हणून मी रागावले नाही.

आता मुख्य गोष्ट. मागच्या थँक्सगिव्हिंगला माझ्याच टेबलावर, माझीच टर्की खाता खाता, गस त्या देशाबद्दल काहीतरी बोलला होता. म्हणजे असं, की आपल्या एरीच्या जत्रेचं पार्किंग त्या देशापेक्षा मोठं आहे, आणि पार्किंगवाला त्यांच्या पंतप्रधानापेक्षा हुशार आहे. चौदा माणसं हसली. त्यातलं कोणीतरी जाऊन पेपरवाल्यांजवळ बोललं. सोमवारी विरुद्ध बाजूचे सिनेटर क्विस्ट (उंच, वाळके, नाकाच्या टोकावर चष्मा) यांनी ते वाक्य संथपणे वाचून दाखवलं आणि विचारलं, हे तुम्ही म्हणाला होतात का?

गस म्हणाला, "नाही, सिनेटर. असं वाक्य माझ्या तोंडून कधीही गेलेलं नाही."

ताई, क्विस्ट त्याच्याकडे बघतच नव्हते. चष्म्यावरून, त्याच्या डोक्यावरून, ते पलीकडे बघत होते. पुढचं मला सांगता येत नाही. कॅमेऱ्यांचा एकदम कडकडाट झाला तेव्हा मला कळलं की माझी मान हलतेय. वर, खाली, सावकाश. तीनदा, असं मागाहून टीव्हीवर दिसलं.

"हाबर्लेसाहेब," क्विस्ट म्हणाले, "तुमच्या मागच्या बाईंचं मत जरा निराळं दिसतंय."

मग जे झालं त्याने मी अजून हादरलेली आहे. समितीचे प्रमुख लेसी म्हणाले, बाई साक्षीदार नाहीत, त्यांची मान विचारात घेता येणार नाही. क्विस्ट म्हणाले, या इमारतीत एवढीच एक प्रामाणिक मान आहे, तिची नोंद करा. लिहून घेणारी मुलगी बिचारी म्हणाली, मी बोललेलंच लिहिते, मान कशी लिहू? आपल्या बाजूचे एकजण म्हणाले, बाईंना डुलकी लागली असेल. दुसरे म्हणाले, त्या मनातल्या मनात प्रार्थना करत होत्या. चाळीस मिनिटं, ताई, माझ्या मानेवर चर्चा, आणि मी तिथेच बसलेली, पाठ ताठ, हात मांडीवर. मग क्विस्टांच्या बाजूच्या कोणाला तरी आठवलं की पाच वर्षांपूर्वी, दुसरे राष्ट्राध्यक्ष असताना, एका उमेदवाराच्या बायकोने भुवई उचलली तर याच लेसींनी ती भुवई नोंदवून घ्या म्हणून टेबल बडवलं होतं. त्यावर लेसींनी क्विस्टांचं त्या वेळचं भाषण काढलं. एका स्त्रीच्या चेहऱ्याचा हा अपमान आहे, असं ते तेव्हा म्हणाले होते. दोघांनी एकमेकांची जुनी भाषणं मोठ्याने वाचली आणि कोणालाही लाज वाटली नाही. शेवटी मत घेतलं. अकरा विरुद्ध दहा मतांनी ठरलं की मी मान हलवलीच नाही.

मी तिथे होते गं. माझीच मान. बाहेर पडताना त्या अकरांतले एक म्हातारे सिनेटर माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "बाई, फार छान मान हलवलीत."

मार्लिन तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. गसने मला कॉरिडॉरमध्ये खांबाआड नेलं. त्याचा चेहरा तसाच झाला होता, कान उपटायच्या आधी व्हायचा तसा. "ट्रुडी, तू माझी बहीण आहेस की त्यांची?" म्हणाला. माझ्या तोंडून निघून गेलं, "मला ऐकूच आलं नाही रे, गस. लहानपणी गालगुंड झालं तेव्हापासून उजवा कान गेलाय." डेक्स्टर मागे उभा होता. त्याला एवढा आनंद झालेला मी आजवर पाहिला नव्हता. दुपारपर्यंत माझ्या कानात यंत्र होतं, संध्याकाळी पेपरात फोटो. आता आपली बाजू म्हणते की विरोधक एका बहिऱ्या म्हातारीचा छळ करतात, आणि विरुद्ध बाजू म्हणते की माझं तोंड बंद केलंय. दोन्हीकडून फुलं आली. विरोधकांची जास्त चांगली होती.

मंगळवारी संपूर्ण सिनेटचं मत आहे. दोन्हीकडे पन्नास-पन्नासची ओढाताण, आणि पश्चिमेकडच्या एक सिनेटरबाई म्हणतात, बहिणीने शपथेवर लिहून दिलं की तिला ऐकू आलं नाही, तरच मी होकार देईन. तो कागद डेक्स्टरने कालच टाइप करून दिला. उद्या सही हवी. गस रात्रीच्या जेवणाला शेजारी बसला होता आणि माझ्या डाव्या कानाशी मोठ्याने बोलत होता. 'अजून थोडे बटाटे घे,' असं तीनदा म्हणाला. एवढ्या मायेने तो कित्येक वर्षांत वागला नव्हता.

प्रकृतीला जप. सगळ्या सिस्टरांना नमस्कार.

तुझी,
ट्रुडी

ता.क. गालगुंड तुला झालं होतं, मला नाही. तू ते वाचतानाच हसली असशील, किंवा हसली नसशील.

ता.क. दुसरा. मला सगळं ऐकू आलं होतं. गसचं 'नाही'सुद्धा.

ता.क. तिसरा, आणि पत्र खरं म्हणजे यासाठीच. मी सही करणार नाही. त्याला ते तोंडावर सांगायचा मला धीर नाही, म्हणून सोबतचं खोकं पुढे पाठवतेय आणि शनिवारच्या बसने मी मागोमाग येतेय. पाहुण्यांची खोली मोकळी असेल तर मदरना विचार. गस मला शोधत रविवारी भेटीच्या वेळी तुझ्याकडे येईलच, गालगुंडाबद्दल तूही लिहून द्यावंस म्हणून. तो समोर बसेल आणि तुला काहीतरी सांगेल. तू त्याच्या डोक्यावरून बघ. मी मागे उभी असेन.

खोक्यातल्या वस्तू अशा द्यायच्या: जर्दाळूचा जॅम मदर सुपिरिअरना. सुनावणीसाठी घेतलेला राखाडी सूट गरिबांच्या पेटीत, मला तो पुन्हा घालायचा नाही. कानाचं यंत्र सिस्टर वाल्बुर्गांना, अगदी नवं आहे, फक्त कॅमेऱ्यांसमोर वापरलंय. बिनसहीचा कागद गसच्या हातात, काही न बोलता. आणि तळाशी फडक्यात बांधलेली रुबार्बची पाय आहे, ती रविवारपर्यंत कापू नका. मोठा तुकडा त्याचा.